दोघं मावतील असं भिंग

थोरलीला आईबाबांचा एकत्र फोटो हवा होता, आणि आईबाबा काही केल्या एकत्र बसणार नव्हते. अडचण म्हटली तर एवढीच होती, पण ती सहा वर्षं जुनी होती.

त्यांची बाहेरची खोली लांबलचक होती आणि रुंदीला अगदीच बेताची. बिल्डरने बोळावर छप्पर टाकलं आणि खोली म्हणून आमच्या गळ्यात मारली, असं बाबा पूर्वी पाहुण्यांना सांगायचे. एका टोकाला खिडकी, खिडकीशी बाबांची खुर्ची. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघराचं दार, दाराशी आईचं शिलाई मशीन. दोन्ही एकाच भिंतीला लागून. मधल्या जागेत धाकट्याचा दिवाण असायचा. तो हलवल्यापासून तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं. घरात येणारं माणूससुद्धा नकळत तेवढी जागा चुकवून चालायचं.

धाकटा म्हणजे थोरलीचा भाऊ. बाबा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होते. निवृत्ती जवळ आलेली असताना त्यांनी त्याला आपल्या हाताखाली घेतलं. वर्ष पुरं व्हायच्या आत एका ऑफिसच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, धाकट्याने लिफ्टचं दार उघडलं आणि डबा समोरच आहे अशा समजुतीने पाऊल टाकलं. डबा तिथे नव्हता. बाबा त्या वेळी वर मशीनच्या खोलीत होते. घरी माणसं जमली तेव्हा सगळ्यांच्या देखत आई बाबांना म्हणाली, "तुम्ही नेलंत त्याला." त्यानंतर ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नव्हती, आणि बाबांनीही कधी आपली बाजू मांडली नव्हती.

घर मात्र चालू होतं. ते चालायला जेवढं बोलावं लागतं तेवढं थोरलीच्या मार्फत व्हायचं. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची आणि कामावरून येताना रोज इथे डोकवायची. तुझ्या बाबांना सांग, गॅसवाला येऊन गेला. तुझ्या आईला सांग, मी घरातच होतो, मला दिसला तो. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू जायचं, तरी थोरलीने मधे उभं राहून दोन्ही वाक्यं पुन्हा म्हणायची. ती नसेल तेव्हा निरोप मशीनला किंवा रेडिओला उद्देशून दिले जायचे. थोरलीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की ऑफिसातही कुणी काही बोललं तर तिच्या तोंडून पटकन निघायचं, "बरं, सांगते."

तिचं काम विमा कंपनीसाठी फोटो काढायचं. ठोकरलेल्या गाड्या, जळालेली गोदामं, पाणी मुरून फुगलेली छतं. फोटो सरळ हवा, सगळं नुकसान चौकटीत हवं, शेजारी मोजपट्टी हवी. फोटोत कला आली की दावा अडकतो, असं तिचे साहेब म्हणायचे. कलेची हौस भागवायला ती रविवारी एका गटात जायची. तिथली मंडळी डबक्यातलं आभाळ, गंजलेली कुलुपं असलं काय काय टिपायची आणि मग एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायची.

त्यातच आईच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. ऑपरेशन तसं नेहमीचं आहे, पण वय बघता, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं. त्या संध्याकाळी थोरलीने घरातले सगळे फोटो धुंडाळले. सहा वर्षांत दोघांचा एकत्र असा एकही नव्हता.

जरा वेळ मधे येऊन बसा, म्हणून तिने दोघांच्या विनवण्या केल्या. आईला नेमकी तेव्हाच कुणाच्या तरी झग्याची घाई होती, आणि बाबांचा गुडघा नेमका तेव्हाच धरला होता. शेवटी तिने समोरच्या भिंतीला पाठ लावली आणि मोबाइल या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवत लांबट फोटो काढला. बाबांनी मधेच मान वळवली, त्यामुळे फोटोत त्यांना दोन नाकं आली. ते बघून बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आईने मशीन थांबवून, काय झालं म्हणे त्यांना, असं विचारलं. थोरलीने फोटो नेऊन दाखवला. आईच्या ओठांची एक कड हलली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

रविवारच्या गटात तिने विषय काढला तेव्हा फिशआय लेन्सचं नाव निघालं. माशाच्या डोळ्यासारखं फुगीर भिंग. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी खोली या टोकापासून त्या टोकापर्यंत आत घेतं. गटात मतांना काही तोटा नव्हता. नामांकित कंपनीची लेन्स घ्यायची म्हटलं तर थोरलीला बरेच महिने हवेवर काढावे लागले असते. मग एकाने सांगितलं, की आहे त्याच लेन्सच्या तोंडावर आटे फिरवून बसवायचं भिंग अगदी स्वस्तात मिळतं. तिने ते मागवलं. त्यातून मधली मोकळी भिंत झकास आली, टोकांकडे मात्र सगळं पातळ होऊन पसरत गेलं. बाबा खिडकीच्या उजेडात विरघळले होते, आणि आई म्हणजे मशीनवर पडलेला एक करडा डाग होता. ऑपरेशनची तारीख डोक्यावर असताना थोरलीला तो डाग बघवेना. तिने फोटो पुसून टाकला.

बाजाराच्या मागच्या गल्लीत जुन्या कॅमेऱ्यांचं एक दुकान होतं. तिथल्या मालकीणबाईंनी ते स्वस्त भिंग चिमटीत धरून उजेडासमोर फिरवलं आणि दाराच्या भोकाला बसवून टाका, बाहेर कोण आलंय ते दिसेल, असा सल्ला दिला. मग कपाटातून दोन लेन्स काढून काउंटरवर ठेवल्या. एक नावाजलेल्या कंपनीची, पण बरीच जुनी. आत टॉर्च मारला तर काचेवर बुरशीची बारीक जाळी पसरलेली दिसत होती. आज चालेल, पण ही वाढत जाते, असं बाईंनी आपणहून सांगितलं. दुसरी फारशा कुणाला माहीत नसलेल्या कंपनीची. तिच्यात फोकसची मोटार नव्हती, कॅमेऱ्याशी बोलणारं काही नव्हतं. सगळं हाताने फिरवायचं.

"हिला स्वतःचं डोकं नाही, म्हणून ती परवडते," बाई म्हणाल्या. "डोकं तुमचं वापरायचं."

फोकसची तशी चिंता नाही, हेही त्यांनी समजावलं. असल्या भिंगात हात-दोन हातांपलीकडचं बहुतेक सगळं स्पष्टच येतं. पुढची काच बाहेर आलेली असते, तिला जपायचं. आणि आपले पाय सांभाळायचे, कारण हे भिंग काढणाऱ्यालाही सोडत नाही. काचेच्या कडेला केसाएवढा ओरखडा होता. तो फोटोत येत नाही, किमतीत मात्र येतो, असं त्या म्हणाल्या, म्हणजे लेन्स त्यापायी आणखी स्वस्त झाली होती.

"एक ध्यानात ठेवा. मधून जाणारी रेघ सरळ राहते, कडेच्या वाकतात. म्हणून माणसं मधे ठेवा."

"माणसं मधे बसत नाहीत," थोरली म्हणाली.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग कॅमेरा बरोबर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा, एवढंच म्हणाल्या. वाकणार नाहीत, बारीक होतील. लेन्स आठवडाभर घरी वापरून बघायची मुभाही त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी थोरली समोरच्या भिंतीला टेकून स्टुलावर बसली. पहिल्या फोटोत तिचे स्वतःचे गुडघे आले, दोन टेकड्यांसारखे. दुसऱ्यात वरून पंख्याचं पातं घुसलं. तिसरा जमला. डाव्या कडेला बाबा, उजव्या कडेला आई. दोघंही चेहऱ्यामोहऱ्याने, चष्म्यासकट ओळखू येत होते.

बाबांनी कॅमेरा हातात घेऊन बराच वेळ बघितलं. आईची औषधं संपत आली असतील, असं म्हणून चपला घालून खाली गेले. औषधं आदल्याच दिवशी आणली होती.

मग आईने चष्मा पुसून फोटो बघितला.

"एवढ्या लांब बसतो आम्ही?"

हा भिंगाचा गुण आहे, असं थोरली समजावू लागली. मधलं फुगतं, कडेचं मागे ढकललं जातं, खोली काही खरी एवढी नाही. फोटोत दोघांमधली मोकळी भिंत मैदानासारखी पसरली होती आणि दोघं तिच्या दोन काठांवर कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखी दिसत होती. आईने सगळं ऐकून घेतलं. भिंगाचं काही चुकलेलं नाही, म्हणाली. मग मशीनच्या चाकावर हात ठेवून, थोरलीकडे न बघता, ती सांगू लागली.

शिक्षण सोडल्यावर धाकटा दोन वर्षं घरात होता. दुपारपर्यंत दिवाणावर लोळायचा. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, की आईला तोंड लपवावंसं वाटायचं. त्याला तुमच्या हाताखाली घ्या, म्हणून ती बाबांच्या मागे लागली. बाबांनी साफ नकार दिला. पोरगं गुणी आहे, पण त्याचं मन भरकटतं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये मन भरकटणारं माणूस नको. तेव्हा आईने त्यांच्याशी बोलणं टाकलं. वेळेवर ताट वाढायची, कपडे काढून ठेवायची, पण तोंडातून अवाक्षर नाही. आठवडाभर तग धरून शेवटी बाबा नमले आणि त्याला घेऊन गेले.

हे थोरलीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"तो अबोला मी धरला होता, हट्टाने," आई म्हणाली. "हा धरलेला नाही. हा बसलाय. तोंड उघडलं तर पहिलं तेच म्हणावं लागेल ना. दूध आणा, भाजी आणा, ते सगळं त्याच्यानंतर."

थोरली तशीच जिना उतरून निघाली. बाबा इमारतीची लिफ्ट कधीच वापरत नसत, त्यामुळे ते जिन्यातच भेटणार हे तिला ठाऊक होतं. मधल्या वळणावर ते वर येताना दिसले, हात रिकामे. आईने काय सांगितलं ते तिने सांगितलं. बाबा कठड्याला धरून पायरीवर बसले. कंपनीच्या चौकशीतही त्यांना विचारलं होतं, की कच्च्या मुलाला कामावर घेतलं कुणाच्या सांगण्यावरून. माझीच इच्छा होती, असं त्यांनी लिहून दिलं होतं. थोरली त्यांच्या दंडाला हात लावायला गेली, तर त्यांनी दंड मागे घेतला.

"मी कुणी देवमाणूस आहे असं समजू नकोस," ते म्हणाले. "मला राग आहे तिचा. रोज असतो. ती गप्प आहे तोवर तो मला गिळता येतो. ती बोलली तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि माझं उत्तर चांगलं नाहीये."

त्यांनी तिला बजावलं, की हे आईच्या कानावर घालू नकोस, निदान ऑपरेशन होईपर्यंत तरी.

थोरलीची अवस्था मोठी विचित्र झाली. आजवर कसलेही निरोप पोचवले होते. आता हातात बाबांचे दोन होते, चौकशीतला जबाब आणि तो राग, आणि दोन्ही जागच्या जागी ठेवायचे होते. रात्री डोळ्याला डोळा लागेना. कामावर तिने भलत्याच गाडीचे फोटो काढून आणले आणि साहेबांची बोलणी खाल्ली. आईकडे गेली तरी स्वयंपाकघरातच घुटमळायची, बाहेरच्या खोलीत थांबायची नाही.

लेन्स परत करायच्या आदल्या संध्याकाळी आईनेच तिला, अजून एक फोटो काढ, म्हणून सांगितलं. थोरली स्टुलावर बसली. बाबा खिडकीशी पेपर घेऊन बसले होते. कॅमेरा डोळ्याला लावल्यावर आईचा आवाज आला.

"तुझ्या बाबांना सांग, तेव्हा मी हट्ट धरला नसता तर—"

थोरलीने कॅमेरा खाली घेतला. दूधवाला, गॅसवाला, विजेचं बिल, आत्या गेल्याची बातमी, सगळं तिने या खोलीत या टोकाकडून त्या टोकाकडे नेलं होतं.

"हे मी नाही सांगणार, आई. ते इथेच आहेत."

पेपर खाली आला. आई मशीनसमोरून वळून बसली. बाबांच्या चेहऱ्याकडे तिने बघितलं नाही, पायांकडे बघत राहिली. बोलली तेव्हा तिचा आवाज घोगरा आला, जणू दुसऱ्याच कुणाचा.

"मी लावलं तुम्हाला त्याला न्यायला. आणि मग सगळ्यांसमोर तुमच्यावर ढकललं."

"हो," बाबा म्हणाले. "लावलंस. मी नको म्हणत होतो."

आणि मग ते थांबले नाहीत. आवाज त्यांनी चढवला नाही, त्यामुळे ते ऐकणं अधिकच अवघड झालं. आईच्या भावाने त्यांच्याशी संबंध तोडला ते त्यांनी सांगितलं. निवृत्तीच्या दिवशी कंपनीतल्या कुणी दोन शब्द बोलायला तोंड उघडलं नाही, ते सांगितलं. शेजारपाजारचे लोक जिन्यात बाजूला होऊन वाट देत, ती माणुसकी होती की दुसरं काही, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आई मशीनचं चाक घट्ट धरून ऐकत होती.

"तुला सगळं माहीत होतं," ते शेवटी म्हणाले. "तरी सहा वर्षं तू मला त्या खुर्चीत तसंच बसू दिलंस."

त्यांनी चपला घातल्या, थोरलीकडून तिच्या घराची किल्ली मागून घेतली आणि निघून गेले. आईला धाप लागली होती. थोरलीने जिभेखाली गोळी दिली, उशी लावली, मनगट धरून बसून राहिली. आपण एक वाक्य पोचवलं असतं तर काय बिघडलं असतं, हा विचार तिला आतून पोखरत होता. नेमकं आता ताठ व्हायची काय गरज होती. आईचे ठोके मधेच अडखळायचे, आणि त्या प्रत्येक अडखळण्यासरशी थोरली पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायची.

ऑपरेशनपर्यंत बाबा थोरलीच्या घरी राहिले. त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. त्यांनी तिच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, गळका नळ खोलला, मग न गळणारेही खोलले. आईचं नाव काढलं की पाना शोधायला लागायचे. थोरलीने दुकानात फोन करून लेन्स ठेवून घेत असल्याचं कळवलं. परत करायला जाण्याइतकं त्राणच तिच्यात नव्हतं.

ऑपरेशनच्या सकाळी बाबा इस्पितळात आले आणि बाकाच्या अगदी टोकाला बसले. आईला चाकाच्या खाटेवरून नेत होते. त्यांच्यापाशी आल्यावर आईने मान वळवली आणि कपाटाची किल्ली मशीनच्या खणात आहे, असं त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." दार बंद झालं. पुढचा सगळा वेळ दोघं बापलेक त्या दाराकडे बघत बसली.

आई त्यातून निभावली. पण फार अशक्त झाली, आणि दिवसा तिच्याजवळ कुणीतरी हवं होतं. म्हणून बाबा घरी परतले. आता दोघं एकमेकांशी बोलत होती; त्यात गोडवा होता असं मात्र म्हणता आलं नसतं. कधी गोळीची वेळ, कधी पथ्य, आणि मधेच एखादं जुनं वाक्य असं यायचं की थोरली जिन्यातच थबकायची आणि आतलं निवल्यावर बेल वाजवायची. माझा राग गेलेला नाही, असं बाबांनी तिला एकदा सरळ सांगितलं. पूर्वीची शांतता बरी होती की काय, असंही तिच्या मनात काही वेळा येऊन गेलं.

एके दिवशी बाबांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, ते तुझं फुगीर भिंग आहे का अजून. आईने त्यांना विचारलं होतं, की धाकटा गेला ती जागा कशी आहे. तिने ती कधी बघितलीच नव्हती. तिला तेव्हा कुणी जाऊ दिलं नव्हतं, आणि नंतर विचारायचं कुणाला. बाबांनी पेपरच्या कोऱ्या कडेवर रेघा मारून दाखवायचा प्रयत्न केला होता, पण तिला त्यातून काही उमगेना. चार भिंती आहेत, एवढंच कळलं, म्हणाली.

कंपनीतला एक जुना फोरमन बाबांना मानायचा. त्याने त्या इमारतीतून परवानगी काढली. सुट्टीच्या दिवशी तो, बाबा आणि थोरली, अशी तिघं तिथे गेली. बाबा सहा वर्षांत पहिल्यांदा तिथे पाऊल टाकत होते. त्यांनी लिफ्टचा डबा सगळ्यात वर नेऊन थांबवला, मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि पुन्हा जाऊन कुलूप ओढून बघितलं. फोरमनने सांगितलं, झालंय बंद. तरी बाबा आणखी एकदा जाऊन आले.

तळमजल्याच्या दारातून शिडीने खड्ड्यात उतरायचं होतं. थोरली उतरली. आत तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास होता, पायाखाली ग्रीस चिकटत होतं. तिने जळकी गोदामं पाहिली होती, चेपलेल्या गाड्यांमध्ये डोकं घालून फोटो काढले होते, पण इथे तिने शिडीवरचा हात काढला नाही. दारात बाबा उभे होते. त्यांचा एक हात चौकटीवर होता, दुसरा खिशातल्या किल्लीवर. वर यायचंय का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

तिने जुनी चादर घडी करून जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा उताणा ठेवला, फोकस हाताने लावला. उजेड कमी होता, म्हणून शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागलं. तेवढा वेळ ती भिंतीला चिकटून, श्वास रोखून उभी राहिली. आपणही फोटोत येणार हे तिला माहीत होतं. त्याला इलाज नव्हता.

फोटोत सगळं आलं. चारही भिंती, दोन्ही बाजूंचे रूळ, लोंबणाऱ्या केबली, एकावर एक दारांच्या चौकटी, आणि अगदी वर डब्याचा काळा तळ, त्याच्या कडेने उजेडाची बारीक रेघ. खाली एका कडेला थोरलीचा खांदा वाकून आला होता.

तिने तो मोठ्या कागदावर छापून घेतला आणि घरी नेला. आई पलंगावर उशीला टेकून बसली होती. तिने कागद मांडीवर उलगडला आणि पुष्कळ वेळ त्यावर झुकून बघत राहिली.

"कुठून पडला?"

बाबा खिडकीपासून उठून आले. पलंगाच्या कडेशी वाकून त्यांनी एका चौकटीवर बोट ठेवलं.

"आणि तुम्ही?"

त्यांनी बोट वर, त्या उजेडाच्या रेघेपर्यंत नेलं. मशीनची खोली याच्याही वर, म्हणाले. आईने विचारलं, तो पडला त्या दारापाशी दिवा होता का. होता, पण डब्याच्या आत, दारात नव्हता. तो ओरडला का, असं तिने विचारलं. बाबांनी हे आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मोटारीच्या आवाजात त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. ते खालून हाक यायची वाट बघत पाना हातात घेऊन उभे होते, आणि उशीर लावला म्हणून मनातल्या मनात पोरावर चिडले होते.

आईचं बोट त्या चौकटीवर होतं. मग तिने पाय जरा आत घेतले आणि पलंगाची कड मोकळी केली.

"बसा," ती म्हणाली.

बाबा बसले नाहीत. भिंतीला हात टेकून तसेच उभे राहिले, आणि ती पुढे काय विचारते याची वाट बघू लागले.